पुणे डिव्हिजन कुतमध्ये का अडकली? सेनापतींच्या चुकांची उकल

पहिल्या महायुद्धात, 29 एप्रिल 1916 रोजी, आजच्या इराकमध्ये टायग्रिस नदीच्या एका वळणात वसलेल्या कुत-अल-अमारा या गावात, सुमारे 13,000 माणसे तुर्की सैन्याला शरण गेली. ही माणसे ब्रिटिश हिंदी लष्कराच्या सहाव्या डिव्हिजनची होती आणि या डिव्हिजनचे नाव ‘पुणे डिव्हिजन’ असे होते. 103, 110 आणि 117 या क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी तिच्यात होत्या. म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या दोन्ही अंगांच्या गावांमधून भरती झालेले शिपाई 147 दिवस त्या वेढ्यात उपाशी राहिले, आणि त्यांना सोडवण्यासाठी आलेल्या फौजेची सुमारे 23,000 माणसे ठार किंवा जखमी होऊनही वेढा फुटला नाही. जितकी माणसे वाचवायची होती, त्याहून कितीतरी अधिक माणसे ती वाचवण्याच्या प्रयत्नात ठार किंवा जखमी झाली, हा हिशेब मला अजूनही अस्वस्थ करतो.

अशा पराभवाचे सर्वांत सोपे स्पष्टीकरण म्हणजे सेनापती मूर्ख होता. ते इथे लागू पडत नाही. डिव्हिजनचा सेनापती चार्ल्स टाउनशेंड हा युद्धशास्त्राचा गाढा वाचक होता, नेपोलियनच्या मोहिमा त्याला तोंडपाठ होत्या आणि वीस वर्षांपूर्वी, 1895 मध्ये, आजच्या पाकिस्तानातल्या चित्रालच्या किल्ल्यात 46 दिवस वेढा सोसून त्याने नाव कमावले होते. त्याचा वरिष्ठ जॉन निक्सन हाही दीर्घ अनुभवाचा अधिकारी होता. शिकलेली, शूर, अनुभवी माणसे समोर दिसणारे संकट का नाकारतात आणि चाललेली वाट बदलायला का तयार होत नाहीत, हा खरा प्रश्न आहे. असा विषय निघाला की मराठी वाचकाला आधी पानिपत आठवते, आणि ते स्वाभाविक आहे. पण पानिपतावर सदाशिवरावभाऊंच्या छावणीत कोण काय बोलले याबद्दल आपल्याला बखरी आणि मोजकी पत्रे यांवर विसंबावे लागते, तर कुतच्या बाबतीत तारांची देवघेव, अहवाल आणि 1917 मध्ये प्रसिद्ध झालेला चौकशी आयोगाचा वृत्तान्त उपलब्ध आहे. निर्णय कुठे आणि कसा बिघडत गेला हे तिथे पायरीपायरीने पाहता येते.

नोव्हेंबर 1914 मध्ये ही फौज इराणच्या आखाताच्या टोकाशी उतरली, तेव्हा तिचे काम मर्यादित होते: तेलाचे ठिकाण आणि बसरा बंदर सुरक्षित ठेवणे. बसरा महिन्याभरातच हाती आले. मग बसऱ्याच्या रक्षणासाठी कुर्ना हवे झाले, कुर्ना टिकवण्यासाठी अमारा (हे कुत-अल-अमाराहून वेगळे गाव), अमाऱ्यासाठी नासिरिया आणि त्या दोन्हींसाठी कुत. जून 1915 मध्ये टाउनशेंडने नदीतल्या बोटींतून पाठलाग करत, अगदी मूठभर माणसांनिशी अमारा घेतले. प्रत्येक पायरीवर विजय मिळत गेला आणि प्रत्येक विजयाने पुढच्या पायरीचे समर्थन झाले. यश हे वाईट शिक्षक असते, कारण आपण कशामुळे जिंकलो हे ते सांगत नाही. तुर्कांनी आपली दुय्यम दर्जाची पथके या भागात ठेवली होती, त्यांची मुख्य ताकद दुसरीकडे गुंतली होती आणि पावलागणिक ते आपल्या रसदीच्या जवळ सरकत होते, तर ब्रिटिश फौज आपल्या रसदीपासून दूर जात होती. बसऱ्यापासून बगदाद नदीमार्गे सुमारे 800 किलोमीटरवर आहे. त्या वाटेवर रेल्वे नव्हती, धड रस्ता नव्हता, आणि उथळ पाण्यात चालणाऱ्या आगबोटी गरजेपेक्षा फार कमी होत्या. निक्सनने जादा बोटी मागितल्या होत्या, त्या वेळेवर आल्या नाहीत, आणि तरीही आगेकूच थांबली नाही.

सप्टेंबर 1915 च्या अखेरीस कुत पडल्यावर टाउनशेंडने वर तार केली की आता इथेच पाय रोवावेत, बगदादपर्यंत जाण्याइतकी फौज आणि रसद आपल्यापाशी नाही. त्याचे हे मत बरोबर होते. निक्सनच्या मुख्यालयाने ते बाजूला सारले आणि पुढे जाण्याचा बेत कायम असल्याचे कळवले. टाउनशेंडने यानंतर हट्ट धरला नाही. लंडनच्या दृष्टीने तेव्हा तुर्कस्तानातली गॅलिपोलीची मोहीम फसत चालली होती आणि सरकारला कुठेतरी एक मोठा, कानाला भरणारा विजय हवा होता. ऑक्टोबरमध्ये बगदादवर जाण्याची परवानगी मिळाली, आणि फ्रान्समधून दोन हिंदी डिव्हिजन मदतीला पाठवण्याचे वचनही मिळाले. त्या डिव्हिजन काही महिन्यांनी येणार होत्या आणि लढाई काही आठवड्यांवर होती, ही विसंगती सर्वांच्या डोळ्यांसमोर होती.

लष्करात खालून वर जाणाऱ्या बातमीला प्रत्येक पायरीवर एक माणूस भेटतो, आणि त्या माणसाची बढती वरच्याच्या मर्जीवर अवलंबून असते. तो खोटे बोलतो असे नाही. तो फक्त शब्द थोडे मऊ करतो, ‘अशक्य’ चे ‘अवघड’ होते, ‘अवघड’ चे ‘काळजी घ्यावी लागेल’ होते, आणि सर्वांत वर बसलेल्याच्या टेबलावर कागद पोहोचतो तेव्हा त्यातला धोका विरून गेलेला असतो. याउलट वरून खाली येणारा हुकूम मात्र प्रत्येक पायरीवर अधिक कडक होत जातो. सैन्याला हुकूम पाळण्याची शिस्त लागते, कारण गोळीबार चालू असताना प्रत्येकाने स्वतःचे मत मांडले तर पलटण उभी राहणार नाही. रणांगणावर जीव वाचवणारी ही शिस्त योजना आखणाऱ्या खोलीत शिरली की तिथे जीव घेते, आणि सेनापतींच्या बहुतेक मोठ्या चुकांच्या मुळाशी मला हीच गोष्ट दिसते.

बगदादजवळच्या टेसिफोनच्या लढाईत हे स्पष्ट झाले. तुर्कांची नवी कुमक बगदादच्या दिशेने येत असल्याच्या खबरा नोव्हेंबरमध्ये येत होत्या. निक्सनच्या मुख्यालयाने त्यांना फारसे महत्त्व दिले नाही. लढाईच्या आदल्या दिवशी, 21 नोव्हेंबरला, मेजर रायली नावाच्या वैमानिकाने विमानातून पाहणी करताना नव्या तुकड्या प्रत्यक्ष पाहिल्या. पण त्याचे विमान शत्रूच्या हद्दीत खाली आले, तो कैद झाला आणि ही माहिती टाउनशेंडपर्यंत कधी पोहोचलीच नाही. हा दुर्दैवाचा भाग झाला. परंतु एका वैमानिकाच्या परत येण्यावर संपूर्ण डिव्हिजनचे भवितव्य टांगून ठेवणारी योजना ही दुर्दैवाच्या खात्यावर टाकता येत नाही. 22 नोव्हेंबरला लढाई सुरू झाली. पहिली खंदकरांग घेतली गेली, पण त्यासाठी सुमारे 4,600 माणसे ठार आणि जखमी झाली, आणि डिव्हिजनला कुतकडे माघार घ्यावी लागली.

जखमींचे पुढे काय झाले हे सविस्तर सांगायला हवे. वैद्यकीय व्यवस्था प्रत्यक्ष जखमींच्या संख्येच्या लहानशा भागापुरतीच केलेली होती. मोडलेल्या हाडांची माणसे स्प्रिंग नसलेल्या खेचरगाड्यांतून नदीपर्यंत नेली गेली, आणि नंतर आगबोटींच्या उघड्या डेकवर, स्वतःच्याच विष्ठेत पडून, कित्येक दिवसांचा प्रवास करत बसऱ्याला पोहोचली. तिथल्या रुग्णालय-जहाजावरील मेजर कार्टर या डॉक्टरने ती बोट धक्क्याकडे येताना पाहिली आणि वरिष्ठांकडे तक्रार केली. त्याला नको तिथे ढवळाढवळ करणारा म्हणून हिणवले गेले आणि अटकेची धमकी दिली गेली. त्याच काळात निक्सनच्या नावाने वर गेलेल्या तारेत जखमींची स्थिती समाधानकारक असून वैद्यकीय व्यवस्थेने उत्तम काम केल्याचे म्हटले होते. कार्टर पुढे आयोगासमोर बोलला म्हणून हे आज आपल्याला माहीत आहे. अहवाल प्रसिद्ध झाल्यावर भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी जुलै 1917 मध्ये राजीनामा दिला.

एक सत्य पाहणारा डॉक्टर आणि एक समाधानकारक तार, यांपैकी यंत्रणेने तार का निवडली? कारण तार मान्य केली की काहीच बदलावे लागत नाही. डॉक्टरचे ऐकले तर बोटी कमी आहेत हे मानावे लागते, बोटी कमी असताना पुढे गेलो हे मानावे लागते, आणि मग इतकी माणसे कशासाठी मेली या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते. मनाने एकदा एखाद्या निर्णयाची मोठी किंमत मोजली की त्याविरुद्धचा पुरावा जितका बळकट, तितका तो नाकारण्याची ओढ वाढते. हे व्यापाऱ्याच्या, शेतकऱ्याच्या, पालकाच्या मनातही घडते. फक्त त्यांच्या हट्टाची किंमत हजारोंना प्राण देऊन मोजावी लागत नाही.

3 डिसेंबरला फौज कुतमध्ये शिरली आणि 7 डिसेंबरला वेढा पूर्ण झाला. इथे टाउनशेंडच्या स्वतःच्या मनाचा खेळ सुरू झाला. चित्रालचा वेढा हा त्याच्या आयुष्यातला सर्वांत उजळ प्रसंग होता. वेढ्यात तग धरायचा, मदत येईल आणि आपण वीर ठरू, हा अनुभव त्याच्याजवळ तयार होता. अनुभव मोलाचा खरा, पण थोडाच असेल तर माणूस प्रत्येक नव्या परिस्थितीला जुन्याच साच्यात बसवतो. शल्यविशारद आठवड्याला अनेक शस्त्रक्रिया करतो आणि चूक झाली तर त्याला लवकर कळते. सेनापतीच्या वाट्याला मात्र एवढ्या मोठ्या प्रमाणावरची लढाई आयुष्यात एकदा किंवा दोनदा येते, आणि शांततेच्या काळात त्याची बढती कवायत, शिस्त, हिशेब आणि वरिष्ठांशी संबंध यांवर होते. ज्या कामासाठी त्याला नेमलेले असते, त्या कामाची परीक्षा न होताच तो त्या जागी पोहोचलेला असतो.

टाउनशेंडने अन्न थोडेच दिवस पुरेल असे कळवले. गावातल्या घरांमध्ये दडवलेले धान्य किती आहे याची नीट झडती सुरुवातीला घेतलीच गेली नाही. ती जानेवारीच्या उत्तरार्धात घेतली गेली, आणि साठा आधीच्या अंदाजापेक्षा बराच मोठा निघाला. तोपर्यंत त्याच्या पहिल्या तारेमुळे मदतीची फौज अपुऱ्या तोफा, अपुरे डॉक्टर आणि अर्धवट जमलेल्या पलटणी घेऊन घाईने निघाली होती. शेख साद, वादी आणि हन्ना या तीन ठिकाणी जानेवारीच्या पावसात आणि चिखलात ती समोरासमोरच्या हल्ल्यांत कापली गेली. आत वेढ्यात जेवणाचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा झाला होता: घोड्याचे मांस खाण्यास हिंदी शिपायांनी बराच काळ नकार दिला, धर्मगुरूंची परवानगी बिनतारी संदेशाने मागवली गेली, आणि भाजीपाल्याअभावी त्यांच्यात स्कर्व्हीचा आजार पसरला.

8 मार्चला दुजैलाची लढाई झाली. निर्णय कसा बिघडतो हे कुणाला एकाच प्रसंगातून समजावून सांगायचे झाले तर मी हाच प्रसंग निवडेन. मदतीच्या फौजेचा सेनापती जनरल एल्मर याने या वेळी समोरून न भिडता, रात्रीतून सुमारे 20,000 माणसे वाळवंटातून वळसा घालून शत्रूच्या टोकाच्या बुरुजापाशी न्यायची, अशी योजना केली. अनोळखी मुलखात, अंधारात, एवढी मोठी फौज चालवणे महाकठीण होते, आणि ते जमले. पहाटे फौज बुरुजासमोर उभी राहिली तेव्हा तुर्कांना पत्ता नव्हता, आणि बुरुज जवळजवळ रिकामा असल्याचे दिसत होते. पुढच्या अधिकाऱ्यांनी लगेच हल्ला करू देण्याची विनंती केली. पण योजनेत आधी तोफांचा मारा आणि मग पायदळाचा हल्ला असा क्रम लिहिलेला होता. हल्ल्याची जबाबदारी असलेल्या जनरल केंबलने क्रम मोडला नाही. तोफा जागेवर येईपर्यंत थांबायचे ठरले, तोफांनी नेम साधण्यासाठी गोळे डागले, त्या आवाजाने संपूर्ण तुर्की आघाडी जागी झाली, नदीपलीकडून त्यांची कुमक धावत आली, आणि सुमारे तीन तासांनी हल्ला सुरू झाला तेव्हा बुरुज भरलेला होता. संध्याकाळपर्यंत सुमारे 3,500 माणसे ठार किंवा जखमी झाली. कुत तिथून दहा-बारा किलोमीटरवर होते.

केंबलवर भित्रेपणाचा आरोप करणे अन्यायाचे होईल. जानेवारीत तोफांच्या पुरेशा माऱ्याविना केलेल्या हल्ल्यांत माणसे कशी मेली हे सर्वांनी पाहिले होते, आणि त्यातून घेतलेला धडा हाच होता की तोफांशिवाय पुढे जायचे नाही. धडा खरा होता; त्या पहाटेला तो लागू नव्हता. शिवाय योजना पाळून हरलेल्या अधिकाऱ्याला क्वचितच जाब विचारला जातो, तर योजना मोडून हरलेल्याची कारकीर्द संपते. अशा हिशेबात बसलेल्या माणसाकडून ऐनवेळी बेत बदलण्याची अपेक्षा करणे म्हणजे त्याला एकट्याला सगळा धोका पत्करायला सांगणे आहे.

लष्कर बदलाला नाखूष असते यामागे काही समंजस कारणेही आहेत. नवी पद्धत फसली तर कारखान्यात माल वाया जातो, सैन्यात माणसे मरतात. हजारो जणांना एकाच रीतीने वागायला शिकवायला वर्षे लागतात, त्यामुळे रीत वारंवार बदलणे धोक्याचे असते. अडचण तेव्हा होते, जेव्हा रीतीचे मूळ कारण विसरले जाते आणि ती रीत म्हणजेच आपली ओळख होऊन बसते.

याचे उत्तम उदाहरण त्याच युद्धात ब्रिटिश नौदलात सापडते. फेब्रुवारी 1917 पासून जर्मन पाणबुड्यांनी ब्रिटनकडे येणारी व्यापारी जहाजे कसलीही सूचना न देता बुडवायला सुरुवात केली. एप्रिलमध्ये साडेआठ लाख टनांहून अधिक क्षमतेची जहाजे बुडाली, आणि असेच चालले तर देशाला अन्न पुरणार नाही अशी वेळ आली. उपाय जुना आणि माहीत असलेला होता: जहाजांना एकेकटे न सोडता काफिला करून, युद्धनौकांच्या पहाऱ्यात आणायचे. नेपोलियनच्या काळात हे केलेले होते, सैनिक नेणारी जहाजे याच युद्धात अशीच जात होती, फ्रान्सला कोळसा नेणारी जहाजेही त्या वर्षी पहाऱ्यात जाऊ लागली होती आणि त्यांचे नुकसान अगदी थोडे होते. तरीही नौदल मुख्यालयाचा आग्रह होता की काफिला म्हणजे शत्रूपुढे मोठे लक्ष्य मांडणे होय.

हा समज साध्या विचाराने तपासता येतो. अथांग समुद्रात चाळीस जहाजांचा गट एकट्या जहाजापेक्षा फारसा जास्त अंतरावरून दिसत नाही. चाळीस जहाजे चाळीस ठिकाणी विखुरली तर पाणबुडीला चाळीस संधी मिळतात, एकत्र आली तर एकच. आणि त्या एका संधीच्या वेळी युद्धनौका तिथे हजर असते. मुख्यालयाचा दुसरा आक्षेप संख्येचा होता: दर आठवड्याला ब्रिटिश बंदरांत सुमारे 2,500 जहाजे येतात आणि तेवढीच जातात, एवढ्यांना पहारा कुठून द्यायचा? कमांडर रेजिनाल्ड हेंडरसन या तुलनेने कनिष्ठ अधिकाऱ्याने व्यापारी जहाजवाहतुकीची नोंद ठेवणाऱ्या खात्यात जाऊन हा आकडा उलगडला. त्यात किनाऱ्यालगत फिरणारी प्रत्येक छोटी बोट, एकाच जहाजाची प्रत्येक बंदरातली ये-जा, सगळे मोजलेले होते. महासागर ओलांडून येणारी जहाजे आठवड्याला 120 ते 140 एवढीच होती. एप्रिलच्या अखेरीस निर्णय झाला, 10 मे रोजी जिब्राल्टरहून निघालेला प्रायोगिक काफिला सुखरूप पोहोचला, आणि त्यानंतर काफिल्यांतून येणाऱ्या जहाजांपैकी शेकडा एकाच्या आसपास बुडाली.

तो चुकीचा आकडा इतके महिने कुणी का तपासला नाही? कारण तो मुख्यालयाच्या मनासारखा होता. नौदल अधिकाऱ्याची घडण चढाई करण्यासाठी झालेली असते. शत्रूला शोधून बुडवणे हे त्याला आपले खरे काम वाटे आणि मालवाहू जहाजांसोबत संथ चालणे कमीपणाचे. मनाला पटलेल्या मताच्या बाजूचा आकडा आपण पारखत नाही, विरुद्ध बाजूचा मात्र सोन्यासारखा कसोटीवर घासतो.

हे केवळ ब्रिटिशांचे किंवा शंभर वर्षांपूर्वीचे दुखणे नाही. ऑक्टोबर 1973 मध्ये इजिप्तच्या सैन्याची हालचाल म्हणजे सराव नसून हल्ल्याची तयारी आहे, असे इस्राएलच्या दक्षिण विभागातील एका तरुण लेफ्टनंटने, बेंजामिन सिमान-तोव्हने, दोन टिपणांत लिहिले होते. वरिष्ठाने ती पुढे पाठवली नाहीत, कारण इजिप्त इतक्यात युद्ध करणार नाही हे वरच्यांचे ठाम गृहीतक होते. 6 ऑक्टोबरला युद्ध सुरू झाले. नंतर इस्राएलने आपल्या गुप्तवार्ता विभागात प्रचलित मताविरुद्ध मांडणी करणे हेच ज्याचे नेमून दिलेले काम, असे पथक उभारले. विरोध करणाऱ्याच्या धैर्यावर विसंबून न राहता विरोधालाच पद दिले गेले, हे मला त्यातले मर्म वाटते.

‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ असे आपण म्हणतो. मेसोपोटेमियात, म्हणजे कुत-बगदादच्या याच मुलखात, मागचा शहाणा झाला, पण त्यासाठी आधी व्यवस्था बदलावी लागली. फेब्रुवारी 1916 मध्ये मोहिमेची सूत्रे भारत सरकारकडून लंडनच्या युद्धखात्याकडे गेली. बसऱ्याला धक्के बांधले गेले, नदीत पुरेशा बोटी आल्या, रुग्णालये उभी राहिली, आघाडीकडे छोटी रेल्वे टाकली गेली. त्या वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस सूत्रे हाती घेतलेल्या जनरल मॉडने ही तयारी पुरी होईपर्यंत, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापर्यंत, मोठा हल्ला केला नाही. मग त्याने टप्प्याटप्प्याने पुढे सरकत फेब्रुवारी 1917 मध्ये कुत परत घेतले आणि 11 मार्चला त्याची फौज बगदादमध्ये शिरली.

टाउनशेंड त्या दिवशी इस्तंबूलजवळच्या एका बेटावर, नोकरचाकरांसह, तुर्कांचा सन्माननीय कैदी म्हणून राहत होता. त्याच्याबरोबर शरण गेलेल्या माणसांपैकी युद्ध संपेपर्यंत 4,000 हून अधिक जण वाळवंटातल्या पायपिटीत, उपासमारीत आणि रोगराईत मेले. उरलेल्या हिंदी शिपायांपैकी बरेचजण रास-अल-ऐनच्या परिसरात बगदाद रेल्वेचे रूळ टाकण्याच्या कामावर होते.